पांजरपोळ आणि मंडळीचे वडील : सुरतेच्या इतिहासाच्या संदर्भात वार्धक्याचा विचार

सुरत हे नाव मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभे राहते ते शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० ह्या सालांतील दोन स्वाऱ्यांमुळे. परंतु ह्या बंदराच्या इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. इंग्रज कंपनीच्या एका जहाजावरील धर्मगुरू जॉन ओव्हिंग्टन १६८९ साली सुरतेस आला. १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तान्तात त्याने शहराजवळच्या एका आगळ्या रुग्णालयाची हकीकत दिली आहे. ते वाणी लोकांनी चालविलेले होते आणि रोगी, लंगड्या व म्हातारपणाने थकलेल्या गाई, घोडे, शेळ्या, कुत्रे ह्यांना तेथे ठेवून घेत असत. ज्या बैलाचा मालकास आता काही उपयोग नाही आणि म्हणून ज्याच्या जिवास धोका आहे, असा बैल विकत घेऊनही त्यास येथे आश्रय देत.

वॉल्टर हॅमिल्टन ह्याने १८२० साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या वर्णनग्रंथात ह्याच संस्थेची अठराव्या शतकातील स्थिती सांगितली आहे. उंच भिंतींनी वेढलेली मोठी जागा, तिचे पाडलेले निरनिराळे चौक, आणि मालकाची जात वा देश न विचारता आत घेतली जाणारी जनावरे, असे ते चित्र आहे. १७७२ साली तेथे घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, माकडे, कोंबड्या, कबुतरे होती; आणि एक वृद्ध कासव होते. ते त्या जागी ७५ वर्षे राहिले आहे अशी त्याची ख्याती होती. म्हणजे ओव्हिंग्टनचे पुस्तक छापले गेले त्याच सुमारास ते आत आले असले पाहिजे.

ह्या पांजरपोळाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या काळी युरोपातील मोठमोठ्या नगरांतही थकलेल्या जनावराचा शेवट खाटकाच्या दारात होत असे, त्या काळी एका भारतीय बंदरातील व्यापाऱ्यांनी ही करुणा संस्थारूपाने उभी केली आणि तिच्यासाठी आपल्या व्यापारावर लागा बसवून घेतला, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या माणसाने आदराने पाहावी अशीच आहे. आमच्या मनात प्रश्न उभा राहतो तो निराळा. त्या कासवास ७५ वर्षे अन्न मिळाले, भिंतीचा आडोसा मिळाला, सुरक्षितता मिळाली. जनावरास ह्याहून अधिक काय हवे? परंतु वृद्ध मनुष्यास जेव्हा आपण एवढेच देतो, तेव्हा त्यास आपण काय समजत असतो? वार्धक्यासंबंधीच्या सार्वजनिक धोरणांत गेली काही दशके 'सक्रिय वार्धक्य' आणि 'ज्येष्ठांचा सहभाग' हे शब्द वारंवार येत आहेत. ह्या शब्दांमागचा खरा प्रश्न हाच आहे असे आम्हांस वाटते. आणि त्याचे उत्तर शोधताना सुरतेच्या इतिहासाची व पवित्र शास्त्राची, अशा दोहोंची साक्ष काढावयाची, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. महाजनांचे शहर

जनावरांसाठी रुग्णालय बांधणाऱ्या त्या शहरात वृद्ध माणसे कोठे होती? ती घरात होती, जातीच्या पंचायतीत होती, धंद्याच्या महाजनात होती. सुरतेचा व्यापार शतकानुशतके महाजनांनी सांभाळला. बाजाराचे नियम, आपसांतील तंटे, धर्मादायाचा लागा, सुटीचे दिवस ह्यांचा निर्णय शेटियांच्या बैठकीत होई, आणि त्या बैठकीत वयाचा व अनुभवाचा शब्द वजनाचा असे. ज्याची आब्रू पिढ्यान्‌पिढ्या टिकली त्याची हुंडी चाले, आणि आब्रू ही दीर्घ आयुष्यातच कमावता येणारी वस्तू होती. त्यामुळे अशा माणसास 'सहभागी' करून घेण्यासाठी कोणास धोरण आखावे लागत नसे. त्याच्यावाचून सभाच पुरी होत नसे.

हे चित्र मोहक आहे, आणि व्याख्यानांतून व प्रवचनांतून ते आपण पुष्कळदा रंगवितो. पूर्वी वडीलधाऱ्यांस मान होता, आता तो राहिला नाही, असे म्हणून आपण सुस्कारा टाकतो. परंतु इतिहासाचे काम सुस्कारे टाकण्याचे नाही. तो मान कोणाचा होता? पेढीच्या मालकाचा होता. पेढीवर आयुष्यभर ओझी वाहिलेल्या हमालाचा नव्हता. घरातील कर्त्या पुरुषाचा होता. त्याच घरात केस उतरवून कोपऱ्यात बसविलेल्या विधवेचा नव्हता. तीही वृद्ध झाली, परंतु तिचे वय अनुभव म्हणून मोजले गेले नाही. ज्याच्या हाती धन व कूळ होते त्याच्या वार्धक्यास सत्ता लाभली, आणि इतरांच्या वाट्यास फार झाले तर आश्रय आला.

ह्या सत्तेची दुसरी बाजू १८४४ साली प्रकट झाली. त्या साली सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्या प्रवर्तकांत दुर्गाराम मेहताजी हे शिक्षक होते, आणि त्यांच्या बरोबरीने मराठी व्याकरणकार म्हणून आपणांस परिचित असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. दादोबा त्या वेळी सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत होते. दुर्गाराम पस्तिशीचे, तर दादोबा तिशीचे होते. जातिभेद, मंत्रतंत्र, विधवांची स्थिती ह्या विषयांवर ह्या तरुण शिक्षकांनी उघड चर्चा आरंभिली, आणि तिला विरोध झाला तो वडीलधाऱ्यांच्या नावाने, परंपरेच्या नावाने. दादोबांनी पुढे मुंबईत परमहंस सभेच्या उभारणीत भाग घेतला; ती सभा तर गुप्तपणेच चालवावी लागली. पंचायतीच्या बहिष्काराचे भय हेच त्याचे कारण.

तेव्हा वृद्धांचा सहभाग म्हणजे जुन्या सत्तेची पुनःस्थापना, असे कोणी समजत असेल तर सुरतेचा इतिहास त्यास साथ देत नाही. आम्हांस येथे दोन टोके दिसतात. एका टोकास पांजरपोळाची करुणा आहे. तेथे अन्न आहे, पण शब्द नाही. दुसऱ्या टोकास महाजनाची सत्ता आहे. तेथे शब्द आहे, परंतु तो थोड्यांचाच आहे आणि पुष्कळदा धाकट्यांचा शब्द दाबणारा आहे. ह्या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे काय?

२. 'वडील' ह्या शब्दाचा इतिहास

त्याच शहरात १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले. जेम्स स्किनर व विल्यम फायव्ही ह्यांनी पवित्र शास्त्राचे गुजराती भाषांतर केले. नवा करार १८२१ साली व जुना करार १८२३ साली सुरतेतच छापून निघाला. १८४० च्या दशकात येथील काम आयरिश प्रेसबिटेरियन मिशनकडे आले. ह्या मिशनच्या नावाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. 'प्रेसबिटेरोस' ह्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'वयाने वडील असलेला' एवढाच आहे. म्हणजे महाजनांच्या त्या शहरात जी ख्रिस्ती मंडळी आली, तिने आपले नावच मुळी वडिलांवरून घेतले होते. आपल्या मराठी शास्त्रातही ह्या शब्दासाठी 'वडील' हाच शब्द योजला आहे, आणि खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत तो आजही रूढ आहे.

परंतु प्रेसबिटेरियन व्यवस्थेतील वडील हा महाजनातील शेटियाहून एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न होता. तो कुळाने किंवा धनाने वडील होत नसे. मंडळीने त्यास निवडावे लागे, प्रार्थनापूर्वक नेमावे लागे, आणि तो मंडळीस जबाबदार असे. विणकर आणि व्यापारी एकाच बाकावर वडील म्हणून बसू शकत. वयाचा शहाणपणा हवा, पण त्याने उत्तरदायी असावे, हे तत्त्व त्यात होते.

ह्या तत्त्वाचा उगम पवित्र शास्त्रात शोधू गेल्यास काही उतारे फार बोलके आहेत. गणना ११ व्या अध्यायात मोशे लोकांचा भार एकट्याने वाहून थकला, तेव्हा परमेश्वराने त्यास ७० वडील निवडण्यास सांगितले व त्यांच्यावरही आत्मा दिला. वडीलपणाचे प्रयोजन तेथे भार वाटून घेणे हे आहे, मान मिरविणे नव्हे. गणना ८:२३-२६ येथील नियम तर आजच्या धोरणकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. लेव्यांनी वयाच्या ५० व्या वर्षी निवासमंडपाच्या जड कामातून निवृत्त व्हावे. मात्र त्यानंतरही आपल्या भाऊबंदांच्या सोबतीने राखणीच्या कामी साहाय्य करावे. निवृत्ती आहे, पण ती ओझ्यातून आहे, सोबतीतून नाही. अंगमेहनतीचा काळ संपला म्हणून मनुष्य मंडपाबाहेर घालविला जात नाही.

ह्याउलट लेवीय २७ व्या अध्यायात नवसाच्या संदर्भात माणसांचे मोल लावलेले आहे. २० ते ६० वर्षांच्या पुरुषाचे मोल ५० शेकेल आहे, तर ६० वर्षांवरील पुरुषाचे १५. कामाच्या बाजारात वृद्धाची किंमत उतरते हे वास्तव शास्त्रास ठाऊक नव्हते असे नाही. पण त्याच ग्रंथात, लेवीय १९:३२ येथे, पिकल्या केसांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा आहे, आणि ती देवाच्या भयाशी जोडलेली आहे. मोल निराळे आणि सन्मान निराळा, हा भेद शास्त्राने एकाच ग्रंथात नोंदवून ठेवला आहे.

३. साठ वर्षांची नोंदवही

नव्या करारात ह्या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा उतारा १ तीमथ्य ५:३-१६ हा होय. विधवांची नावे नोंदविताना तिचे वय ६० वर्षांहून कमी नसावे, असे तेथे सांगितले आहे. भारत सरकारच्या धोरणातही ज्येष्ठ नागरिकाची व्याख्या ६० वर्षे हीच आहे. हा योगायोग असला तरी दोन नोंदवह्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

ह्या उताऱ्यात तीन गोष्टी एकत्र आहेत. पहिली, मुले व नातवंडे ह्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे ऋण प्रथम फेडावे. कुटुंबाची जबाबदारी मंडळीवर ढकलू नये. दुसरी, ज्यांना कोणी नाही त्यांचा भार मंडळीने उचलावा. आणि तिसरी, जिचे नाव नोंदवावयाचे तिने पाहुणचार केलेला असावा, पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत, संकटग्रस्तांस साहाय्य केलेले असावे. तिने रात्रंदिवस प्रार्थनेत असावे. नोंदलेल्या विधवांकडे पुढे नियमित सेवा सोपविली जात होती किंवा नाही ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि ही यादी केवळ गरजूंची यादी नव्हे, हे उघड आहे. ती विश्वासाने जगलेल्या, मंडळीस जिच्याकडून काही मिळावयाचे आहे अशा स्त्रियांची यादी आहे.

'सन्मान कर' असे ज्या शब्दाने तेथे सांगितले आहे, त्याच कुळातील 'तिमी' हा शब्द पुढे १७ व्या वचनात मंडळीच्या वडिलांस वापरला आहे. त्यात आदर व उपजीविका हे दोन्ही अर्थ येतात. प्रभू येशूनेही मार्क ७:९-१३ येथे हाच अर्थ गृहीत धरला आहे. आईबापांस द्यावयाचे ते 'कुर्बान' म्हणून देवास वाहिले आणि आईबापांस विन्मुख पाठविले, तर ती आज्ञेची पायमल्ली होते. पैशाविना सन्मान हे ढोंग होय. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. सन्मानाविना पैसा ही भीक होय.

आरंभीच्या मंडळीने हा समतोल काही काळ सांभाळला. दुसऱ्या शतकात पॉलिकार्पने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात विधवांना देवाची वेदी म्हटले आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमच्या मंडळीच्या आश्रयास १,५०० हून अधिक विधवा व पीडित होते, असे बिशप कर्नेलियसच्या पत्रावरून कळते. हे पत्र युसेबियसने आपल्या इतिहासात उतरून घेतले आहे. परंतु त्याच शतकातील 'दिदास्कालिया' ह्या ग्रंथात बदललेला सूर ऐकू येतो. विधवांनी शिकवू नये, घरोघरी फिरू नये, घरी बसून आपणांस देणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, असा त्याचा भर आहे. त्या विधवांविषयीच्या काही तक्रारी खऱ्याही असतील. पण परिणाम असा झाला की नोंदवहीत नाव राहिले, अन्न राहिले, आणि सेवा हळूहळू गळून गेली. वेदी होती ती दानपात्र झाली. करुणेने चालविलेल्या संस्थांचा हा नेहमीचा धोका आहे, आणि तो केवळ तिसऱ्या शतकापुरता नाही.

४. शासनाची नोंदवही

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ४१ व्या कलमात वार्धक्यातील सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख केला. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत असून राज्याच्या आर्थिक मर्यादेने बांधलेला आहे. १९५७ साली उत्तर प्रदेशाने प्रथम वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, आणि इतर राज्यांनी यथावकाश त्याचे अनुकरण केले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईबापांस पोटगी मागण्याचा हक्क दिला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तीत ६५ वर्षांवरील निराधारास केंद्राकडून दरमहा ७५ रुपये मिळत. २०११ साली वयाची अट ६० वर आणली गेली. त्या वेळी ६० ते ७९ ह्या वयासाठी केंद्राचा हिस्सा २०० रुपये व ८० वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ५०० रुपये असा होता. २००७ च्या कायद्याने पोटगीसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे निर्माण केली आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम असावा असे म्हटले.

दरम्यान जगाचा विचार पुढे सरकत होता. १९८२ साली व्हिएन्ना येथे वार्धक्यावरील पहिली जागतिक परिषद भरली. १९९१ साली संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांसंबंधी १८ तत्त्वे मान्य केली. स्वातंत्र्य, सहभाग, शुश्रूषा, आत्मविकास व प्रतिष्ठा असे त्यांचे पाच वर्ग आहेत. भारताचे राष्ट्रीय धोरण जानेवारी १९९९ मध्ये जाहीर झाले. २००२ साली माद्रिद येथे दुसरी परिषद झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी 'सक्रिय वार्धक्य' ही कल्पना आरोग्य, सहभाग व सुरक्षितता ह्या तीन आधारांवर मांडली. महाराष्ट्राने २०१३ साली आपले ज्येष्ठ नागरिक धोरण घोषित केले. कागदोपत्री सहभागाचा शब्द आता सर्वत्र आहे.

तरीही योजनांची नावे पाहिली की आपल्या मनातील चित्र कळून येते. महाराष्ट्रातील निवृत्तिवेतनाच्या योजनेस 'श्रावणबाळ' हे नाव आहे. गुजरातेत २०१७ साली वृद्धांच्या यात्रेसाठी सुरू झालेल्या योजनेसही श्रावणाचेच नाव दिले गेले. ही निवड आपल्या संस्कृतीस साजेशी आहे ह्यात शंका नाही. परंतु त्या कथेत आपण कोणाकडे पाहतो? कावड वाहणाऱ्या पुत्राकडे. कावडीत बसलेली दोन अंध माणसे आपल्या दृष्टीने ओझे असतात. वास्तविक कथा असे सांगते की तीर्थयात्रेची इच्छा त्यांची होती. कोठे जावयाचे हे त्यांनी ठरविले. खांदा तेवढा पुत्राचा होता. आमच्या मते वार्धक्यविषयक धोरणाचे सार ह्यातच आहे. खांदा समाजाने द्यावा, पण दिशा विचारावी ती कावडीत बसलेल्यांना.

ह्या दृष्टीने महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ विशेष उल्लेखनीय आहे. गावोगावच्या संघांनी १९८० साली आपला महासंघ उभारला, आणि प्रवासभाड्यातील सवलतीपासून राज्याच्या धोरणापर्यंत अनेक मागण्या स्वतः वृद्धांनीच लावून धरल्या. २०२२ साली राज्य परिवहनाच्या गाड्यांतून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांचा प्रवास विनामूल्य झाला. ही बाब किरकोळ वाटेल. पण जो घराबाहेर पडू शकतो तोच सभेस जाऊ शकतो, आणि जो सभेस जातो त्याचाच शब्द ऐकला जातो.

५. मागांचे शहर

आता पुन्हा सुरतेकडे वळू. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची वस्ती ४४ लाखांहून अधिक भरली. जरी, रेशीम, यंत्रमाग व हिऱ्यांचे पैलू ह्यांवर हे शहर वाढले, आणि वाढले ते बाहेरून आलेल्या तरुण हातांनी. ताप्तीच्या खोऱ्यातून जळगावाहून उधन्यास येणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील सहस्रावधी कुटुंबे येथे आली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली ह्या भागांत मराठी कानी पडते. नगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही येथे चालत आल्या आहेत.

मागावरची मजुरी बहुतांशी कामाच्या मापाने मिळते. माग थांबला की मजुरी थांबते. डोळे मंदावले, कानांस ऐकू येईनासे झाले की माणूस आपोआप निवृत्त होतो, आणि त्या निवृत्तीस वेतन नसते. असा मनुष्य एक तर गावी परततो किंवा मुलाच्या एका खोलीच्या घरात दिवस काढतो. दुसरीकडे धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या जिल्ह्यांतील खेड्यांत आईबाप मागे राहतात. शेत, गुरे आणि पुष्कळदा नातवंडेही तेच सांभाळतात. धोरणाच्या भाषेत त्यांस 'आश्रित' म्हणतात. खरे पाहता शहराच्या मागास लागणारा तरुण हात मोकळा होतो तो गावातील म्हाताऱ्या हातांमुळे. त्यांचा सहभाग आधीच आहे; नाही तो त्याचा स्वीकार. गणना ८ मधील लेव्याप्रमाणे त्यांस ओझे उतरविण्याचा अधिकारही मिळालेला नाही, आणि सोबत राहण्याचा मानही नाही.

म्हणून 'सक्रिय वार्धक्य' हा शब्द उच्चारताना एक सावधगिरी आवश्यक आहे. आयुष्यभर राबलेल्या बाईस साठाव्या वर्षी 'सक्रिय रहा' असे सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. सहभागाचा अर्थ अधिक काम असा नाही. विश्रांती ही शास्त्रात देवाची देणगी आहे. ज्याने श्रम केले त्यास विश्रांतीची सुरक्षितता प्रथम द्यावी, आणि मग त्याचा शब्द मागावा. हा क्रम उलटता कामा नये.

६. आपला हिशेब

शासनास उपदेश करणे आम्हां धर्मसेवकांस सोपे जाते. म्हणून एक गोष्ट येथे नमूद करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आम्ही ज्या एका मंडळीत सेवा केली, तेथे १ ऑक्टोबरच्या जागतिक वृद्ध दिनाच्या निमित्ताने सर्व वृद्ध सभासदांस उपासनेनंतर शाली दिल्या. भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. नंतर एक निवृत्त शिक्षिका, जिला सारी मंडळी आजी म्हणत असे, आम्हांकडे आली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, शाल दिलीत, देव आपले भले करो. पण माझा शब्बाथ शाळेचा वर्ग माझ्याकडून का काढून घेतला, ते मला कोणी सांगितले नाही." तो वर्ग आम्हीच काढून घेतला होता. तिला विश्रांती मिळावी असा आमचा भाव होता. आणि तिला न विचारताच आम्ही तो अमलात आणला होता. आम्हांपाशी उत्तर नव्हते. पुढे तो वर्ग तिने व एका तरुणीने मिळून घेतला. शिकविणे तरुणीचे, आणि पाठांतर व गोष्टी आजीच्या, अशी वाटणी त्या दोघींनीच केली. लेव्यांचा नियम आम्हांस खऱ्या अर्थाने समजला तो त्या दिवशी.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये १९७० पासून दीक्षित सेवकास प्रेसबिटर म्हणतात. म्हणजे चाळिशीतल्या आम्हांसारख्यांनी 'वडील' हे नाव धारण केले आहे, आणि ज्यांचे केस खरोखर पिकले आहेत ते समोरच्या बाकांवर श्रोते होऊन बसले आहेत. पदाचा आणि वयाचा हा वियोग अटळ असेल. पण ज्यांचे नाव आपण वापरतो त्यांस विचारल्याशिवाय आपण निर्णय घेऊ नयेत, एवढी मर्यादा त्या नावाने आपल्यावर घातली आहे. दीन व निराधार सभासदांची यादी आपल्या बहुतेक मंडळ्यांत असते. त्या यादीत प्रत्येक नावासमोर त्यांस काय द्यावयाचे हे लिहिलेले असते. त्यांच्याकडून मंडळीने काय घ्यावयाचे, हा दुसरा रकाना आपण उघडला आहे काय?

मराठी ख्रिस्ती समाजास ह्याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. पंडिता रमाबाई १९२२ साली निधन पावल्या, तेव्हा वयाच्या ६४ व्या वर्षापर्यंत त्या पवित्र शास्त्राच्या आपल्या भाषांतराच्या कामात गढलेल्या होत्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरे केले. ह्या स्त्रियांना कोणी समारंभपूर्वक एका कोपऱ्यात बसविले असते तर मराठी ख्रिस्ती वाङ्मय किती दरिद्री झाले असते ह्याची कल्पना करावी. आणि ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत, पण ज्यांनी आपल्या नातवंडांस पहिली प्रार्थना शिकविली, अशा आज्यांची तर गणतीच नाही. तीमथ्याच्या विश्वासाचा आरंभही त्याची आजी लोईस हिच्यापाशी झाला, असे २ तीमथ्य १:५ सांगते.

सुरतेच्या इतिहासाने आपल्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. पांजरपोळाने शिकविले की करुणेस संस्था हवी, निधी हवा, सातत्य हवे. केवळ हळहळ पुरे नाही. १८४४ च्या तरुणांनी शिकविले की वयाचा शब्द अखेरचा नव्हे, त्यानेही सत्यास उत्तर द्यावे. पवित्र शास्त्र ह्या दोहोंस एका नव्या नगरीत एकत्र आणते. जखऱ्या संदेष्टा जेव्हा बोलला तेव्हा यरुशलेम अजून बहुतांशी पडक्या भिंतींचे नगर होते, आणि मंदिर पुन्हा बांधण्याचे काम चालू होते. त्याने त्या नगराच्या पुनर्वसनाची खूण म्हणून ना सैन्य सांगितले, ना खजिना. जखऱ्या ८:४-५ येथे काठी टेकीत चालणारे म्हातारे व म्हाताऱ्या नगराच्या चौकांत बसल्या आहेत, आणि त्याच चौकांत मुले व मुली खेळत आहेत. उंच भिंतीआड ठेवलेले वृद्ध नव्हेत, आणि गादीवर बसून हुकूम सोडणारेही नव्हेत. ते चौकात आहेत, सर्वांच्या मध्ये आहेत.

आपल्या शहरांचे आणि मंडळ्यांचे चौक तसे होतील काय, हा प्रश्न शासनाच्या कचेरीत सुटावयाचा तेव्हा सुटेल. आपण तो येत्या मंडळीच्या सभेत मांडू शकतो. त्यासाठी निधीही लागत नाही. एका वृद्ध सभासदाशेजारी बसावे, आणि त्यास काय हवे हे विचारण्याआधी त्याचे मत काय आहे ते विचारावे.